कबुलीजबाब, तपास आणि पडदा : मानवत हत्याकांडाच्या चित्रणाचा एक विचार

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास लोणार आहे. तेथून सरळ दक्षिणेस सुमारे पंचाहत्तर किलोमीटरांवर, परभणी जिल्ह्यात, मानवत हे गाव लागते. या दोन स्थळांच्या मधून एके काळी दोन राजवटींची सीमा जात होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. मानवतकडील मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला. एकीकडे इंग्रजी कायद्याची कचेरी व इंग्रजी पद्धतीचे पोलीस ठाणे, तर दुसरीकडे हैदराबाद संस्थानाचे स्वतंत्र पोलीस व न्यायखाते, अशी ही विभागणी होती. परंतु राज्यांची सीमा लोकसमजुतींना विभागू शकली नाही. पिंपळावर वसणारा मुंज्या, जमिनीत पुरलेले गुप्तधन आणि ते हाती येण्यासाठी द्यावा लागणारा बळी या कल्पना पैनगंगेच्या उगमाकडील गावांना जितक्या परिचित, तितक्याच गोदावरीच्या खोऱ्यातील गावांनाही परिचित होत्या.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या सुमारे चौदा महिन्यांच्या काळात मानवत येथे दहा हत्या झाल्या. बळी पडलेल्यांत लहान मुली होत्या, संसारी स्त्रिया होत्या, एक तान्हे मूलही होते. महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचा तो काळ होता. सरपण, चारा किंवा मजुरी यांसाठी स्त्रियांना व मुलींना गावाबाहेर जाणे भागच होते, आणि गावाबाहेर जाणे हेच जिवावर बेतणारे ठरत होते. हे प्रकरण पुढे न्यायालयांत गेले, वृत्तपत्रांत गाजले आणि कालांतराने पडद्यावरही आले. १९८१ साली ‘आक्रीत’ हा मराठी चित्रपट निघाला. २०२४ साली त्याच प्रकरणावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका झाली. पहिल्या कृतीत तपास करणारा पोलीस अधिकारी कथेच्या कडेला आहे. दुसरीत तोच नायक आहे. एकाच घटनेच्या दोन चित्रणांतील हा फरक केवळ कलावंतांच्या आवडीनिवडीचा आहे काय, की त्यामागे तपास, कबुली व पुरावा यांचा भारतातील विशिष्ट इतिहास आहे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

१. हत्येचा तपासनीस : एका वाङ्मयीन व्यक्तिरेखेची घडण

खुनाचा शोध घेता घेता खुन्याच्या मनाचा ठाव घेणारा अधिकारी ही व्यक्तिरेखा एकोणिसाव्या शतकात युरोपीय कादंबरीत सिद्ध झाली. दस्तयेव्स्कीच्या १८६६ मधील ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीतील पोर्फिरी पेत्रोविच हे तिचे ठळक उदाहरण होय. पोर्फिरीच्या हाती निर्णायक पुरावा नाही. त्याच्यापाशी संशयिताच्या स्वभावाचे ज्ञान आहे आणि वाट पाहण्याची तयारी आहे. अपराध्याने आपण होऊन कबुली द्यावी, हा त्याच्या साऱ्या डावपेचांचा हेतू असतो. तपासाची इतिश्री पुराव्यात न होता अपराध्याच्या अंतःकरणात व्हावी, ही कल्पना येथे प्रथम पूर्णत्वास गेली असे म्हणावयास हरकत नाही.

चित्रपटाने हीच कल्पना उचलली. फ्रिट्झ लांग याच्या १९३१ मधील ‘एम’ या जर्मन चित्रपटात लहान मुलांचा मारेकरी आणि त्याच्या मागावर असलेले संपूर्ण शहर यांचे चित्रण आहे. त्यातील लोमान हा अधिकारी बर्लिनच्या हत्या-तपास विभागाचे प्रमुख एर्न्स्ट गेनाट यांच्यावरून बेतला गेला, असे चित्रपटाचे अभ्यासक सांगतात. लोमान एका चोराला, त्याच्या हातून माणूस मेला अशी बतावणी करून, बोलते करतो. आणि खुद्द मारेकरी गुन्हेगारांनीच भरविलेल्या न्यायसभेपुढे आपल्या मनातील अनावर प्रेरणेची कहाणी ओकून टाकतो. या दोन्ही प्रसंगांत कबुली हाच नाट्याचा उत्कर्षबिंदू आहे. पुढच्या काळातील मनोविश्लेषणात्मक गुन्हेपटांनी हा साचा नाना रूपांनी वापरला. अंधाऱ्या खोलीतील मेज, समोरासमोर बसलेले दोघे, दीर्घ स्तब्धता आणि अखेरीस फुटलेला शब्द, हे दृश्य जगभरच्या प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले.

हा साचा भारतात आला तेव्हा त्याला एका अडचणीला तोंड द्यावे लागले. ती अडचण कलेची नसून कायद्याची होती.

२. पोलिसांपुढील कबुली आणि भारतीय कायदा

१८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने आपला अहवाल दिला. महसूल व पोलीस या खात्यांतील कनिष्ठ नोकर लोकांचा छळ करून पैसे व कबुलीजबाब वसूल करतात, हे त्या अहवालाने सरकारी कागदपत्रांत नोंदविले. १८६१ साली पोलीस दलाची नवी रचना करणारा अधिनियम झाला. आणि त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे बंधन घालण्यात आले. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात हे बंधन कलम २५ व २६ यांच्या रूपाने स्थिर झाले. ज्या राजवटीने पोलीस दल उभे केले, तिनेच त्या दलाच्या शब्दावरील अविश्वास कायद्यात लिहून ठेवला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या बंधनाला दोन वाटा ठेवल्या होत्या. पहिली कलम २७ ची : आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती प्रत्यक्ष उघडकीस आली, तर त्या माहितीपैकी तेवढाच भाग पुराव्यात घेता येत असे. दुसरी वाट दंडाधिकाऱ्याकडे जाते. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ नुसार दंडाधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब ग्राह्य ठरत असे. मात्र आरोपी कबुली देण्यास बांधलेला नाही आणि दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, अशी स्पष्ट समज त्याला आधी द्यावी लागते. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५१ च्या कायद्याने भारतीय पुरावा अधिनियम तिकडील जिल्ह्यांनाही लागू झाला. लोणार व मानवत यांच्या मधली जुनी सीमा पुराव्याच्या दृष्टीने पुसली गेली ती अशी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही हाच नियम कायम ठेवण्यात आला आहे.

याचा परिणाम दूरगामी आहे. पोर्फिरी किंवा लोमान यांचा जो विजय, तोच भारतीय तपास-अधिकाऱ्याच्या हाती आला तर न्यायालयाच्या दृष्टीने त्याचे मोल शून्य असते. आरोपीने सारे सांगितले आणि अधिकाऱ्याने सारे ऐकले, तरी त्या क्षणी खटला एक पाऊलही पुढे सरकलेला नसतो. अधिकाऱ्याला सत्य कळलेले असते. ते सिद्ध करण्याचे काम तेथून सुरू होते. मनाचा ठाव घेणे आणि गुन्हा शाबीत करणे या दोन क्रियांत भारतीय कायद्याने जी दरी ठेवली, तिची दखल न घेणारी गुन्हेकथा येथील वास्तवाला पारखी होते.

३. मुंबईचा पूर्वानुभव

मानवतच्या तपासाची सूत्रे पुढे ज्यांच्याकडे आली, त्या रमाकांत कुलकर्णी यांचे नाव १९६८ साली रामन राघव प्रकरणामुळे महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले होते. मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्या गरिबांच्या हत्यांनी त्या वर्षी शहर हादरले होते. कुलकर्णी तेव्हा मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे प्रमुख होते. ऑगस्ट १९६८ मध्ये आरोपी पकडला गेला. प्रथम तो काहीच बोलेना. पुढे मनाजोगे जेवण मिळाल्यावर त्याची जीभ सुटली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु तपासाच्या दृष्टीने त्या बोलण्यापेक्षा त्यानंतरची घटना महत्त्वाची होती. आरोपीने पोलिसांना उपनगरात नेऊन, लपवून ठेवलेली लोखंडी पहार व इतर वस्तू काढून दाखविल्या. कलम २७ चे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल : शब्द बाद झाले, वस्तू उरली.

या खटल्याचा शेवटही विचार करावयास लावणारा आहे. आरोपीला फाशीची शिक्षा झाली. पण मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीत तो दीर्घकालीन मनोविकाराने ग्रस्त असल्याचे आढळले, आणि १९८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

पडद्याने या प्रकरणाकडे दोनदा पाहिले. १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादव यांना प्रमुख भूमिकेत घेऊन केलेला चित्रपट मूळ घटनेच्या जवळ राहतो. २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांचा ‘रामन राघव २.०’ आला. आपला चित्रपट मूळ रामन राघवविषयी नाही, असे तो आरंभीच सांगतो. येथे मारेकरी लवकरच पोलिसांच्या स्वाधीन होऊन गुन्ह्यांची कबुली देतो, आणि त्या कबुलीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पुढे त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी स्वतःच व्यसन व हिंसा यांच्या गर्तेत उतरत जातो, आणि अखेरीस मारेकरी त्याला आपलाच पूरक अर्धा मानतो. कश्यप यांचा मार्ग अतिशयोक्तीचा असला तरी त्यातून एक जुनी शंका नव्या रूपात मांडली गेली आहे. १८५५ च्या आयोगाला पोलिसाच्या हाताविषयी शंका होती. या चित्रपटाला त्याच्या मनाविषयी आहे.

४. मानवत : कळलेले सत्य आणि सिद्ध झालेले सत्य

मानवतमधील परिस्थिती मुंबईहून वेगळी होती. मुंबईत मारेकरी एकटा होता आणि त्याचा कोणाशी संबंध नव्हता. मानवतमध्ये संशय गावातल्या गावात फिरत होता. मारणारे आणि मेलेले एकाच पेठेत, एकाच पाणवठ्यावर वावरलेले होते. एका मागोमाग एक प्रेते सापडत असता स्थानिक तपासाला धागा मिळेना. अशा वेळी बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला दोन गोष्टींशी सामना करावा लागला. पहिली, भयाने व भिडेने तोंड मिटून बसलेले गाव. आणि दुसरी, बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल पण गावातील कित्येकांना शक्य कोटीतील वाटेल असा हेतू. गुप्तधन मिळावे आणि संतती व्हावी म्हणून मुंज्याला कुमारिकांचे रक्त देण्यासाठी या हत्या घडविण्यात आल्या, असा फिर्यादी पक्षाचा आरोप होता.

येथे तपास-अधिकाऱ्याच्या मानसशास्त्राला निराळा अर्थ येतो. त्याला एका विकृत मनाचा शोध घ्यावयाचा नव्हता. एका समजुतीचा आणि त्या समजुतीभोवती उभ्या राहिलेल्या हितसंबंधांचा शोध घ्यावयाचा होता. समजूत सार्वत्रिक असली म्हणजे तिचा लाभ घेणारा लपून राहू शकतो. आदेश देणारा एक, सुरा चालविणारा दुसरा आणि ठाऊक असूनही गप्प राहणारे अनेक, अशी साखळी असता तिचे टोक गाठणे कठीण होते.

प्रकरण परभणीच्या सत्र न्यायालयात उभे राहिले तेव्हा आरोपींची संख्या मोठी होती, आणि त्यांपैकी दोघे माफीचे साक्षीदार झाले. खटल्याचा भार बऱ्याच अंशी या साक्षीदारांवर व दंडाधिकाऱ्यांसमोरील कबुलीजबाबांवर पडला. उच्च न्यायालयानंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७७ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्राने त्याचा शेवट झाला. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने विधिजगतात ओळखला जाणारा हा निकाल, गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीचे मोल किती, या प्रश्नावर पुढे वारंवार उद्धृत होत राहिला. पुरावा अधिनियमाचे कलम १३३ म्हणत होते की, केवळ साथीदाराच्या साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ चे उदाहरण सुचवीत होते की, महत्त्वाच्या बाबतींत दुजोरा मिळाल्यावाचून असा साक्षीदार विश्वासास पात्र समजू नये. या दोहोंत विरोध नसून पहिला कायद्याचा नियम व दुसरा सावधगिरीचा दंडक आहे, अशी संगती न्यायालयाने लावली. कबुलीजबाब नोंदविताना दंडाधिकाऱ्यांनी विहित नियम कितपत पाळले, याचीही बारकाईने छाननी झाली.

निष्पन्न असे झाले की, प्रत्यक्ष हत्यांतील ज्यांचा सहभाग शाबीत झाला अशा काहींची शिक्षा कायम राहिली. परंतु ज्यांच्या लाभासाठी हे बळी दिले गेले असा आरोप होता, ते मुख्य आरोपी दोषमुक्त ठरले. हातांना शिक्षा झाली. त्या हातांना चालविणाऱ्या बुद्धीपर्यंत पुरावा पोहोचला नाही, असे फिर्यादी पक्षाच्या बाजूने म्हणता येईल. दुसऱ्या बाजूने हेही तितकेच खरे की, ज्याच्याविरुद्ध विश्वसनीय पुरावा नाही त्याला अपराधी म्हणण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. ज्या दक्षतेने एखादा सूत्रधार सुटू शकतो, तीच दक्षता पोलीस कोठडीतील निरपराध माणसाला वाचविते. या दोन विधानांतील ताण हाच मानवत प्रकरणाचा खरा गाभा होय.

५. दोन चित्रणे

‘आक्रीत’ हे अमोल पालेकर यांचे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून पहिले काम. विजय तेंडुलकर यांची पटकथा, आणि प्रमुख भूमिकांत स्वतः पालेकर व चित्रा पालेकर, अशी ही योजना होती. निकाल लागून चारच वर्षे झाली होती. चित्रपटाने नावे बदलली. मुकुटराव व रुही या दोन पात्रांभोवती कथा उभी केली. प्रेक्षकाला अपराधी कोण हे शोधावयाचे नाही, ते त्याला पहिल्यापासून दिसते. त्यामुळे रहस्याची जागा एका अधिक अस्वस्थ करणाऱ्या प्रश्नाने घेतली आहे : हे सर्व घडत असता भोवतालचा समाज काय करीत होता? तपास-अधिकारी मध्यवर्ती केला असता तर प्रेक्षकाला त्याच्या खांद्यावर भार टाकून निश्चिंत होता आले असते. तो आधार या चित्रपटाने दिला नाही. फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला.

‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे दिग्दर्शित मालिका ४ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रदर्शित झाली. रमाकांत कुलकर्णी यांच्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकाचा तिला आधार आहे. कुलकर्णी यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. येथे तपास-अधिकारी खऱ्या नावाने मध्यभागी आला. त्याचा लाभ उघड आहे. तपास हे चमत्काराचे नव्हे तर चिकाटीचे काम आहे, माणसांना बोलते करण्यासाठी आधी त्यांचे ऐकावे लागते, हे प्रेक्षकाला प्रत्ययास येते. कुलकर्णी यांचा शांत व संयत अधिकारी म्हणून जो लौकिक होता, त्याला ते अनुरूपही आहे. परंतु अधिकाऱ्याच्या आठवणींवर आधारलेल्या कथेला त्याच्या ज्ञानाची मर्यादा व त्याच्या खात्रीचे बळ ही दोन्ही वारशाने मिळतात. अधिकाऱ्याला जे कळले, ते प्रेक्षकालाही कळले असे वाटू लागते. आणि ‘कळले’ व ‘सिद्ध झाले’ यांतील अंतर, जे १९७७ च्या निकालपत्राचे सर्वस्व आहे, दृष्टीआड होण्याचा संभव निर्माण होतो.

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. न्यायालयाने दोषमुक्त ठरविलेल्या व्यक्तीला पडद्यावरील कथा दुसऱ्यांदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. तेथे उलटतपासणी नसते आणि संशयाचा फायदाही मिळत नाही. ‘आक्रीत’ने नावे बदलून हा प्रश्न काहीसा टाळला, आणि अपराधाचे ओझे व्यक्तींवरून समजुतीकडे वळविले. ही समजूत केवळ भूतकाळाची नव्हती. नरबळी व अघोरी प्रथा यांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात होण्यास २०१३ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी दीर्घकाळ झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी हत्या झाली.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, हत्येचा शोध घेणाऱ्या अधिकाऱ्याची युरोपीय व्यक्तिरेखा भारतीय पडद्यावर जशीच्या तशी रुजू शकली नाही, याचे कारण येथील पुराव्याच्या कायद्यात शोधले पाहिजे. कबुली हा ज्या कथाप्रकाराचा कळस, तोच येथे कथेचा मध्य ठरतो. ‘रामन राघव २.०’ने कबुलीला अविश्वसनीय करून, ‘आक्रीत’ने तपासालाच बाजूस सारून आणि ‘मानवत मर्डर्स’ने अधिकाऱ्याच्या चिकाटीवर भर देऊन, या अडचणीला तीन निरनिराळी उत्तरे दिली. चौथे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही : कथा कबुलीपाशी न थांबविता न्यायालयाच्या दारापर्यंत नेणे, आणि सत्य कळलेल्या माणसाला ते सिद्ध करता न येण्याची वेदना दाखविणे.

वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमेवरील जिल्ह्यांचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यास लोकसमजुती व फौजदारी न्याय यांच्या परस्परसंबंधांचा हा विषय उपेक्षिता येणार नाही. बुलढाणा काय किंवा परभणी काय, जिल्हा न्यायालयांची निकालपत्रे ही या इतिहासाची अस्सल साधने आहेत. चित्रपटांशी ती ताडून पाहिली असता पडद्याने काय घेतले व काय गाळले ते स्पष्ट होईल. मानवतपुरते बोलावयाचे तर, गाळले गेलेल्यांत सर्वांत मोठा वाटा त्या दहा मृतांचा आहे. अधिकाऱ्याचे नाव राहिले, आरोपींची नावे राहिली, निकालाला नाव मिळाले; ज्यांच्यासाठी हा सारा तपास झाला, त्या मुली व स्त्रिया मात्र प्रत्येक कथेत केवळ संख्या म्हणून उरल्या आहेत.